दहा पावलं मागून बघितलेलं कलकत्ता

परत येऊन पंधरा दिवस झाले, पण वस्तीवरची एकही बाई मला अजून सुखानं कांदा खुरपू देत नाही. बांधावर भेटली की विचारणार, "काकी, कलकत्त्यात काय काय बघितलं?" सांगायला बसावं तर अर्ध्यातच तिला डेअरीला दूध घालायला जायचं असतं. कुणाला पूल ऐकायला मिळाला, कुणाला नुसताच मासा. म्हणून म्हणलं, एकदा सगळं सलग लिहूनच काढावं. ज्यांना जायला जमलं नाही त्यांनी बसल्या जागी वाचावं. जमलं तर जाऊन यावं, अन् एकटं जाऊ नये.

आम्ही अवसरी बुद्रुकचे. गावात घर नाही, कालव्याच्या पलीकडं वस्तीवर राहतो. कांदा, थोडा ऊस, अन् दसरा-दिवाळीला झेंडू. त्या झेंडूपायीच ही सगळी सहल घडली. आमच्याकडं कुणाला विचारा, "कोणता झेंडू लावला?" तर म्हणेल, "कलकत्ता." रोपवाला म्हणतो कलकत्ता, मार्केटला आडत्या पुकारतो कलकत्ता. तीस वर्षं आम्ही कलकत्ता लावतोय, कलकत्ता तोडतोय, कलकत्ता क्रेटात भरतोय. गेल्या दिवाळीत क्रेट भरता भरता आमचे हे म्हणाले, "ज्याचं नाव रोज घेतो ते गाव एकदा बघाया पायजे राव."

बोलले ते सहजच. पण आमच्या पोरानं, संदीपनं, ते ध्यानात ठेवलं, अन् संक्रांतीनंतरची दोन तिकिटं काढून आणली. दोघांचीच. मी म्हणलं, "अरे, गुरांचं कोण बघंल?" तर सूनबाई म्हणाली, "आत्या, आमी काय मेलोय का? तुमी जावा." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असं कुठं गेलो नव्हतो. कायम कुणीतरी बरोबर, नाहीतर एकानं जायचं अन् एकानं धारा काढायच्या.

आता मनातली एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्याकडं आमच्या वयाचे नवरा-बायको बरोबरीनं चालत नाहीत. पुरुष पुढं, बाई मागं, मध्ये दहा पावलं. शेजारीशेजारी चाललं तर पारावरची माणसं लगेच म्हणणार, "काय राव, वरात निघाली का काय?" त्यात आमची वाट बांधावरची, दोन्हीकडं ऊस अन् उसात बिबट्या. म्हणून हे काठी आपटत पुढं, अन् मी डोक्यावर वैरण नाहीतर हातात डबा घेऊन मागं. चव्वेचाळीस वर्षं मी ह्यांची पाठ बघत चाललेय. सदऱ्याची शिवण कुठं उसवलीय, टोपी कुठल्या बाजूला कललीय, सगळं मला मागूनच कळतं. म्हणलं, तिथं आपल्याला कोण ओळखतंय? त्या गावात एकदा तरी ह्यांच्या शेजारून चालायचं. पूल आणि राजवाडे नंतर. मला बघायचं होतं ते एवढंच.

निघताना संदीपनं ह्यांना पट्ट्याच्या नव्या सँडली घेतल्या. कारण दोन वर्षांपासून ह्यांना एक खोड लागलेली. बांधावरून चालताना मधीच थांबायचं, वाकायचं अन् चप्पल नीट करायची. घरापासून रस्त्यापर्यंत चार-पाच वेळा. मी लई करवादायचे, "नवी घ्या की एकदा!" तर म्हणायचे, "हीच बरी हाय." म्हातारपणात माणूस हट्टी होतो म्हणतात, तसं वाटायचं मला. टीव्ही पण असा मोठ्यानं लावायचे की पलीकडच्या वस्तीला बातम्या कळायच्या. मी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. रुसले असतील म्हणून मी सोडून द्यायचे.

हावडा

गाडीतल्या दोन रात्री अन् एक दिवस सोडून देते. चटणी-भाकरी संपली एवढं सांगितलं तरी पुरे.

उतरलो तेव्हा नुकतंच उजाडलेलं. स्टेशनच्या बाहेर आलो अन् बघते तर समोर गावच नाही. नुसतं धुकं. आपल्याकडं थंडीत कालव्यावर वाफ धरते ना, तसं, पण आभाळापर्यंत. त्या धुक्यात मधीच एक लोखंडी पूल लटकलेला, त्याला ना हे टोक ना ते टोक. खाली नदी असणार, कारण बोटीचा भोंगा ऐकू येत होता, पण पाणी दिसत नव्हतं. पिवळ्या टॅक्स्या धुक्यातून निघायच्या अन् धुक्यात जायच्या, पिकलेल्या पपया पाण्यात तरंगाव्यात तशा. माणसं तर किती! आळेफाट्याला दिवाळीच्या आदल्या दिवशी गर्दी असते तेवढी इथं रोज सकाळी सहाला. पण धुक्यामुळं सगळं कसं झोपेत बघितल्यासारखं. मी उभीच राहिले.

"चल, चल," म्हणून हे पुढं निघाले.

मी पाय उचलले, भराभर चालून ह्यांना गाठलं, शेजारी आले. तर ह्यांनी काय करावं? बाजूला सरून मला वाट दिली! मागून एसटी आली की आपण रस्त्याच्या कडेला होतो ना, तसं. मी थांबले, तर परत पुढं गेले. दुसऱ्यांदा गाठलं, तर म्हणाले, "काय गं, घाई हाय का तुला?" आता काय सांगावं! म्हणलं, असू दे, पहिलाच दिवस आहे. अन् पडले मागं.

लॉज हावड्याच्या बाजूलाच होता. अंघोळी करून दुपारी राणीचा पांढरा संगमरवरी महाल बघायला गेलो. तिथं मोठी तळी आहेत. पाण्यात तो महाल उलटा पडलेला दिसतो, अन् वाऱ्यानं पाणी हललं की सगळा महालच थरथरतो. गवतावर जोड्या बसलेल्या, जवान पोरंपोरी, हातात हात घालून. आम्हीही बसलो. आमच्या मधी पिशवी.

"एवढा महाल, अन् राहायला कुनी न्हाई," हे म्हणाले. "आपल्या संदीपला खोली काढायची तर जागा पुरंना."

जेवायला एका खानावळीत गेलो. ह्यांच्या गळ्यात माळ, म्हणून मी आधीच बजावलं होतं, नुसती डाळ मागा. ह्यांनी टीव्हीवरची हिंदी काढली, "भैया, सिरफ दाल देना, दूसरा कुछ नाय." डाळ आली. पिवळीधमक, वास पण छान. ह्यांनी पळी घातली, तर खालून माशाचं अख्खं डोकं वर आलं.

हे पळी तशीच धरून बसले. "अगं, हा माझ्याकडं बगतोय."

वाढपी म्हणतो, दालच आहे की. त्यांच्याकडं डाळीत माशाचं डोकं म्हणजे पाहुण्याचा मान. त्यानं बिचाऱ्यानं आम्हाला मानानं वाढलेलं, अन् आम्ही ताटावरून उठलो. मला त्याचं तोंड बघून कसंतरी वाटलं. मग समोरच्या दुकानात पुऱ्या अन् बटाट्याची भाजी खाल्ली. पुरी मैद्याची, दुधासारखी पांढरी. तिथल्या चण्याच्या डाळीत साखर! मातीच्या बोळक्यात गोड दही मिळतं, ते मात्र देवानं खावं असं. हे तीन बोळकी जेवले, अन् बोळकी धुऊन पिशवीत ठेवली. तिथं ती फेकून देतात. आमच्यानं काही टाकवेना. आता त्यात मिरचीची रोपं लावलीत.

फुलांचा बाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्यासाठी आलो तिथं गेलो. पूल पायी ओलांडला की पुलाच्या पायथ्याशी, नदीच्या काठाला फुलांचा बाजार भरतो. मोबाईल मी लॉजवर चार्जिंगला लावून आले. म्हणलं, फोटो काय, ह्यांच्या मोबाईलवर निघतील.

बायांनो, मी जन्मभर झेंडू तोडला, पण असा झेंडू बघितला नाही. डोंगर घातलेले. पिवळा डोंगर, केशरी डोंगर, मधून माणसाला जायला गल्ली. माळा अशा जाड जुड्या करून खांद्यावर टाकलेल्या की माणूस दिसतच नाही, फुलंच चालत येतात. वर पुलाची घरघर, खाली ओरडाआरडा, पलीकडं नदीवर तेच धुकं. पायाखाली पाकळ्यांचा चिखल. वास एवढा की डोळे मिटले तर मी आमच्या वावरातच होते.

हे पहिल्याच ढिगापाशी उकिडवे बसले. एक फूल घेतलं, देठापासून उकललं, बी बघितलं, वास घेतला. मग त्या माणसाला विचारलं, "ये कलकत्ता है?"

तो म्हणाला, "हां, कोलकाता. आप कहाँ से?"

"नाय नाय, ये फूल! फूल कलकत्ता है?"

तो माणूस आमच्याकडं असा बघायला लागला की बिचारे म्हातारे चुकून भलत्याच गाडीत बसले असावेत. आमचं हसू आवरेना. तिथं कुणी त्याला कलकत्ता म्हणतच नाही. नुसता गेंदा. आपल्या गावात आपल्याला कोण गावाच्या नावानं हाक मारतंय?

"फूल आपल्यापेक्षा बारीक हाय," हे उठत म्हणाले, "पर रंग बघ." अन् खुशीत चालायला लागले. पुढं हे, मागं मी. ह्यांची पांढरी टोपी त्या गर्दीत एकटीच, म्हणून मला घोर नव्हता. टोपी दिसली की झालं.

एका टोपलीत निळी गोकर्णीची फुलं होती. मी घडीभर थांबले, एक हातात घेतलं. वर बघितलं, पुढं पांढरं दिसलं, निघाले त्याच्या मागं. डावीकडं वळलं, मी वळले. गल्ली संपली, नदीचा घाट आला. पांढरं थांबलं अन् वळलं. तो एक हमाल होता, डोक्याला पांढऱ्या कापडाची चुंबळ बांधलेला.

मागं-पुढं बघितलं, टोपी कुठंच नाही. मोबाईल नाही. ह्यांचा नंबर पाठ नाही, मोबाईलवर टोपीतला फोटो दाबला की लागतो तेवढंच ठाऊक. लॉजचं नाव पण धड येईना. हाक तरी काय मारू? "अवं!" म्हणून ओरडले. घरी एवढं पुरतं. इथं कुणाची मानही वळली नाही. मग काय झालं मला, ठाऊक नाही, मी ह्यांच्या नावानं हाक मारली. आधी हळू, मग छाती फुटेस्तोवर. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. ते नाव पुलाच्या घरघरीत कुठं गेलं ते कळलंच नाही.

लहानपणी जत्रेला जाताना आई सांगायची, चुकलीस तर हिंडायचं नाही, जिथं चुकलीस तिथंच बसायचं. म्हणून परत गोकर्णीच्या टोपलीपाशी आले. शेजारी एक बाई माळा ओवत बसलेली, माझ्याच वयाची, कपाळावर भलं मोठं कुंकू, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. माझ्या डोळ्यांत पाणी बघून तिनं गोणपाटावर हात थापटला अन् म्हणाली, "बोशो." बस म्हणत असणार. बसले. तिनं काही विचारलं नाही. मी म्हणलं, "मालक," अन् गर्दीकडं हात केला. तिनं मान हलवली. तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं एक सुई माझ्या हातात दिली.

मग मी झेंडू ओवत बसले. काय करणार? हाताला दुसरं येतं काय? एक फूल, दुसरं फूल. समोर घाटावर लोक अंघोळ करत होते. कुणी माळ सोडली की ती पाण्यावर साप निघाल्यासारखी वळत वळत धुक्यात जायची. तिच्या शंखाच्या बांगड्या वाजत नव्हत्या, माझ्या काचेच्या तेवढ्या किणकिणत होत्या. ती दर वेळी माझ्या हाताकडं बघून हसायची. किती वेळ गेला सांगता येत नाही. मनात येत होतं, आता असंच बसायचं. इथंच म्हातारी व्हायचं, ह्या बाईबरोबर माळा करत, अन् कधीतरी हे म्हातारे होऊन फूल घ्यायला येतील.

आले. टोपी हातात, केस विस्कटलेले, सदरा घामानं भिजलेला. चारचौघांत बोडक्या डोक्यानं मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं. माझ्यासमोरून दोन पावलं पुढं गेले, मग थबकले.

"कुठं मेली व्हतीस?"

"मी? तुमी कुठं व्हता?"

हे खाली त्या पाकळ्यांच्या चिखलातच बसले. त्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

"निम्म्या पुलापर्यंत तुझ्याशी बोलत गेलो मी," पाणी पिऊन म्हणाले. "पुढल्या दसऱ्याला दोन सऱ्या वाढवू म्हणत व्हतो. मागनं काय उत्तर येईना. वळलो तर एक भलतीच बाई हसतीया."

"मग आधीच नाय का वळायचं?"

"कवा वळलोय मी?"

खरं होतं. मला राग आला अन् रडू पण आलं. म्हणलं, "चव्वेचाळीस वरीस झाली, एकदा मागं बघितलं न्हाई तुमी. बिबट्यानं नेली असती तरी घरी जाऊन कळलं असतं."

हे टोपी हातात फिरवत बसले. मग नदीकडं बघत बोलले. "तुझ्या बांगड्या ऐकत चालतो मी. लगीन झाल्यापासनं. बांगड्या वाजत्यात म्हंजी तू हायेस. वळायचं काय काम?"

मी माझ्या हातातल्या बांगड्यांकडं बघितलं.

"दोन वरीस झाली. ऐकू येईनात."

"काय ऐकू येईनात?"

"बांगड्या. बारीक आवाज येत न्हाई आता कानात. उसाच्या कडंनं चालताना जीव खालवर व्हतो."

मला एकदम बांध दिसला, अन् त्यावर वाकलेले हे. म्हणलं, "म्हणून चप्पल...?"

"चपलंला काय झालंय? वाकलं की मागचं दिसतं."

"अवं, मग सरळ वळून बघायचं की!"

"इतक्या वर्सांनी वळून बघाया लागलो, तर तू म्हणली असतीस, म्हातारा भ्याला. अन् संदीपला कळलं तर गाडी चालवू देयाचा न्हाई, कानात मशीन घालंल."

रुसले म्हणून मी ज्यांना सोडून देत होते, त्यांना माझी हाकच पोचत नव्हती. मी खालचं गोकर्णीचं फूल उचललं, हातात धरून बसले. मग म्हणलं, "मघाशी तुमाला नावानं हाक मारली."

"आँ?" हे एकदम वळले. "नावानं?"

"दोनदा."

"मग ते तरी ऐकू याया पायजे व्हतं राव!" म्हणाले, अन् हसायला लागले. ती माळवाली पण हसली, का ते न कळताच. मी ओवलेली माळ तिनं माझ्याच गळ्यात घातली. ह्यांच्या गळ्यात घालायला दुसरी उचलली, तर हे उठून उभेच राहिले.

शेजारून

त्या दिवशी घाटावरून बोटीत बसलो. धुकं विरलेलं. नदी चहाच्या रंगाची, अन् एवढी रुंद की आमचा कालवा तिला करगोट्याएवढा. बाकावर आम्ही शेजारी बसलो, मधली पिशवी ह्यांनी उचलून मांडीवर घेतली. पूल डोक्यावरून सावकाश मागं गेला. मला वाटलं, बोट कुठंच लागली नाही तरी चालेल.

पण बायांनो, शेजारी बसणं सोपं, शेजारून चालणं लई अवघड! हे लांब टांगा टाकणार, मी बारीक पावलं. कोपराला कोपर लागायचं. मी डावीकडं सरले की हेही डावीकडं. एकदा तर एकमेकांत अडकून उसाच्या रसवाल्यावर जाणार होतो. शेवटी मी पिशवीचा एक बंद ह्यांच्या हातात दिला, एक माझ्या हातात ठेवला. मधी पिशवी लोंबती. मग जमलं. दोन बैलांना जू लागतंच, तसं. अख्खं कलकत्ता आम्ही त्या पिशवीच्या दोन बंदांना धरून बघितलं. जुन्या पुस्तकांची गल्ली बघितली. कागदाच्या सुरळीत चुरमुरे देणारा बघितला, त्याच्या भेळीत मोहरीचं तेल, नाकात झिणझिण्या आल्या. ट्राम आता एखाद-दुसऱ्या रस्त्यालाच राहिलीय म्हणाले, तिच्यात पण बसलो. ती घंटा वाजवत अशी रमतगमत जाते की हे म्हणाले, "आपली बैलगाडी पुढं गेली असती." मग माझ्या कानाशी वाकून, "बरं हाय पण. घाई कुनाला हाय?"

मी बांगड्यांचा हात ह्यांच्या कानाजवळ नेऊन हलवला. "येतं का ऐकू?"

"हां," म्हणाले. "इतक्या जवळनं येतं."

घरी

मंचरला एसटीतून उतरून रिक्षानं कालव्यापर्यंत आलो. ऊन उतरलं होतं. डांबरी रस्त्यावर माणसं होती, तरी पिशवीचा बंद ह्यांनी सोडला नाही. दूध घालून येणारा एक पुतण्या गाडी थांबवून म्हणाला, "काय नाना, वरात का?" हे म्हणाले, "व्हय. आहेर आणलाय का?"

पण कालवा ओलांडला अन् बांध लागला. बांध एका माणसाएवढाच. दोघांना शेजारून चालायला जागा नाही, दोन्हीकडं ऊस. मी सवयीनं थांबले, म्हणलं, व्हा पुढं.

जाताना कालव्यावरच्या खोपटाला टेकवून ठेवलेली आपली काठी ह्यांनी घेतली अन् म्हणाले, "तू व्हो पुढं."

"अन् बिबट्या? मागच्याला धरतो म्हणत्यात."

"काठी माझ्याकडं हाय की. पुढं राहिलीस म्हंजी दिसतीस तरी."

मी पुढं झाले. त्या वाटेनं चव्वेचाळीस वर्षं गेले, पण पुढं काय असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. समोर कुणाची पाठ नाही. उसाचे तुरे, मधून लांबवर गेलेली वाट, तिच्या टोकाला आमच्या घराचा पत्रा, अन् वर सगळं आभाळ. मागं ह्यांच्या नव्या सँडलींचा आवाज, चर्र चर्र. मी ऐकत चालले.

पाटाच्या ओलीत आलो तसा तो आवाज येईना.

मी थांबले, खाली वाकले अन् चपलेचा अंगठा नीट केला. चपलेला काही झालेलं नव्हतं.